पाण्याची वाट ओळखणारा अभियंता

धरणे आणि कालवे यांच्यामुळे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव घरोघरी पोहोचले. शहरांचा पाणीपुरवठा आणि सांडपाणी यांसाठी त्यांनी केलेले काम मात्र तुलनेने विस्मरणात गेले आहे. या कामाची पहिली परीक्षा त्यांनी दिली ती धुळे परिसरात, नदीखालून नेलेल्या एका वाकड्या नळाच्या साह्याने.

ठाण्याच्या खाडीपलीकडे वसलेल्या कळव्यात गेल्या काही दशकांत चाळी आणि बैठ्या घरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. खारेगाव, विटावा, पारसिकनगर या भागांत घराघरांतील मोरीची जागा ओट्यावरील सिंकने घेतली. त्याबरोबर एक नवे दुखणेही घरात आले. सिंकखालच्या कपाटात जुना डबा किंवा बादली ठेवलेली असते. भांडी घासून झाली की डबा ओतायचा आणि पुन्हा तेथेच सरकवायचा, हा क्रम कित्येक घरांत महिनोन्महिने चालतो. गळती थेंबाथेंबाची असते, म्हणून दुरुस्ती पुढे ढकलली जाते. मग कपाटाचे प्लायवूड फुगते, झुरळे वाढतात, खालच्या मजल्यावरील घराच्या छताला ओल येते आणि विषय सोसायटीच्या बैठकीत पोहोचतो.

अशा वेळी बहुतेकांचा पहिला उपाय म्हणजे दिसेल त्या जागी एम-सील थापणे. दोन दिवस गळती थांबते, तिसऱ्या दिवशी शेजारच्या सांध्यातून पाणी येऊ लागते. पाणी नेमके कोठून निघते आणि कोठे जाऊ पाहते, हे आधी पाहिलेलेच नसते.

सिंकखालची नळी सरळ का नसते, हा प्रश्नही सहसा कोणाला पडत नाही. त्या वाकणात किंवा बाटलीच्या आकाराच्या ट्रॅपमध्ये थोडे पाणी कायम साचून राहते आणि गटारातील दुर्गंधी व किडे यांना घराबाहेर अडवते. लंडनमध्ये घड्याळे बनविणारे स्कॉटिश कारागीर अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५मध्ये शौचकूपासाठी अशा वाकड्या नळीचे पेटंट घेतले होते. पाणी आपली पातळी शोधते, खाली उतरलेली नळी पुन्हा वर आली तरी मागच्या पाण्याच्या दाबाने ते पुढे सरकते, हे त्यामागचे साधे तत्त्व. हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरण्याचे काम विश्वेश्वरय्या यांच्या वाट्याला नोकरीच्या पहिल्याच वर्षी आले.

मुद्देनहळ्ळी ते पुणे

विश्वेश्वरय्या यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी तत्कालीन म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे जाणकार होते. घरची परिस्थिती बेताची होती आणि मुलगा शाळेत असतानाच वडिलांचे छत्र हरपले. चिक्कबळ्ळापूर येथील शालेय शिक्षणानंतर हा मुलगा बंगळूरला आला. शिकवण्या घेऊन त्याने स्वतःचा खर्च भागविला आणि सेंट्रल कॉलेजमधून १८८१मध्ये बी.ए.ची पदवी मिळविली.

म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीमुळे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे दार त्यांच्यासाठी उघडले. हेच महाविद्यालय पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. १८८३मध्ये विश्वेश्वरय्या स्थापत्यशास्त्राच्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिले आले आणि जेम्स बर्कली पारितोषिकाचे मानकरी ठरले. या पारितोषिकाच्या नावाचा कळव्याशी एक धागा आहे. जेम्स बर्कली हे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता. १८५३मध्ये बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आलेला लोहमार्ग त्यांच्याच देखरेखीखाली पुढच्या वर्षी खाडी ओलांडून, कळवा-मुंब्र्याच्या अंगाने कल्याणला पोहोचला होता.

पहिल्या क्रमांकामुळे नोकरीसाठी वणवण करावी लागली नाही. १८८४मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. नाशिक आणि खानदेश हे त्यांचे पहिले कार्यक्षेत्र.

पांझरेखालचा नळ

धुळे मुक्कामी असताना पांझरा नदीच्या खोऱ्यात, दातर्ती गावाजवळ, प्रवाहाखालून नळ टाकून कालव्याचे पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. अशा रचनेला त्या काळी पाइप सायफन म्हणत. पाणी एका काठावर नळात उतरते, नदीच्या तळाखालून जाते आणि दुसऱ्या काठावर वर येते. पंप नाही, इंजिन नाही. दोन काठांच्या पातळीत योग्य फरक ठेवला आणि सांधे घट्ट बसविले, की पुढचे काम पाणी स्वतःच करते.

कागदावर सोपे वाटणारे हे काम पावसाळ्यामुळे अडले. नदीला पूर येई आणि खणलेल्या चरात पुन्हा वाळू भरे. पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे, असे विश्वेश्वरय्या यांनी वरिष्ठांना कळविले. वरिष्ठांना हे पसंत पडले नाही. नव्या अधिकाऱ्याच्या शिस्तीविषयी शंका घेणारा शेरा त्यांनी मारला. नोकरीच्या सुरुवातीलाच आलेला हा ठपका पुढच्या साऱ्या सेवेवर सावली टाकू शकला असता. विश्वेश्वरय्या यांनी वाद वाढविला नाही. पुराचा जोर केव्हा वाढतो, वाळू कोठून येते याचा अंदाज घेत त्यांनी पावसातच काम पुरे केले. वरिष्ठांनी नंतर आपला शेरा मागे घेतला आणि कामाची प्रशंसाही केली.

या प्रसंगात त्यांच्या पुढील आयुष्याची कार्यपद्धती दिसते. आधी पाण्याच्या वाटेचे निरीक्षण करायचे, अडचण लेखी मांडायची आणि निर्णय झाल्यावर सबब न सांगता काम तडीस न्यायचे, असा त्यांचा शिरस्ता होता.

सक्करची विहीर, खडकवासल्याचे दरवाजे

१८९०च्या दशकात सिंध प्रांत मुंबई इलाख्याचा भाग होता. सिंधू नदीकाठच्या सक्कर शहराच्या पाणीयोजनेसाठी विश्वेश्वरय्या यांना तेथे पाठविण्यात आले. नदीचे पाणी गढूळ आणि ते गाळण्यासाठी मोठे हौद बांधण्याइतका पैसा नगरपालिकेजवळ नव्हता. विश्वेश्वरय्या यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाळूच्या थरांतून झिरपत येणारे पाणी आपोआप गाळले जाऊन विहिरीत जमू लागले. जी झिरपण एरवी बांधकामाची शत्रू मानली जाते, तिलाच त्यांनी कामाला लावले. १८९५मध्ये ही योजना पूर्ण झाली.

पुणे परिसरात सिंचनाचे काम पाहताना खडकवासल्याचा प्रश्न समोर आला. फाइफ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जलाशयातून पावसाळ्यात कित्येक फूट उंचीचे पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात पुणेकरांना व मुठा कालव्यावरील शेतकऱ्यांना टंचाई भासे. सांडव्यावर दरवर्षी मातीचा तात्पुरता बांध घालण्याची प्रथा होती. धरणाची भिंत वाढविणे हा खर्चिक उपाय होता.

विश्वेश्वरय्या यांनी सांडव्यावर बसविण्यासाठी स्वयंचलित दरवाजे तयार केले. जलाशय ठरावीक पातळीपर्यंत भरला की पाण्याच्याच भाराने तोल बदले, दरवाजे उघडत आणि जादा पाणी निघून जाई. पातळी उतरली की ते पुन्हा मिटत. माणसाने रात्री-अपरात्री जाऊन चाके फिरविण्याची गरज उरली नाही. १९०३च्या सुमारास हे दरवाजे बसले आणि त्याच जुन्या धरणात सुमारे आठ फूट अधिक उंचीचे पाणी साठू लागले. या रचनेचे पेटंट त्यांच्या नावावर होते. सरकारी सेवेत असताना केलेल्या कामाचे स्वामित्वधन घेणे मात्र त्यांनी नाकारले. पुढे ग्वाल्हेरजवळील तिगरा आणि म्हैसूरमधील कृष्णराजसागर येथेही या पद्धतीचे दरवाजे वापरले गेले.

नीरा कालव्यावर पाणी गटवार देण्याची ब्लॉक पद्धतही त्यांनी सुरू केली. एकाच जागी सतत पाणी मुरून जमीन चिबड होऊ नये आणि अधिक गावांना लाभ मिळावा, हा त्यामागचा हेतू होता.

प्लेगनंतरची शहरे

१८९६मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला. रोगाचा उंदीर आणि पिसवांशी असलेला संबंध सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. दाट वस्ती, तुंबलेली गटारे आणि घरांच्या मागच्या अरुंद घाणगल्ल्या यांकडे पाहण्याची सरकारची आणि नागरिकांची दृष्टी मात्र या साथीने बदलली. शहराचे सांडपाणी ही आरोग्याची बाब आहे, हे मान्य करावे लागले.

याच काळात विश्वेश्वरय्या यांच्याकडे मुंबई सरकारच्या सॅनिटरी इंजिनीअरपदाची जबाबदारी आली. इलाख्यातील शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या आणि सांडपाण्याच्या योजना आखणे व तपासणे हे त्यांचे काम झाले. १९०६मध्ये त्यांना एडनला पाठविण्यात आले. समुद्राने वेढलेल्या त्या रखरखीत बंदरासाठी त्यांनी पिण्याच्या पाण्याची आणि सांडपाण्याची योजना सुचविली.

सांडपाण्याच्या कामाला धरणासारखा मान मिळत नाही. धरणाचे उद्घाटन होते आणि त्यावर नावाची पाटी लागते. जमिनीखालचा नळ नीट चालतो तोवर कोणाच्या ध्यानीमनी नसतो आणि बिघडला की साऱ्या गावाच्या शिव्या खातो. त्याची सारी किमया उतारात असते. उतार कमी पडला तर गाळ तळाशी बसतो, नळ तुंबतो आणि सांध्यांवर ताण येतो. मग तो साफ करण्यासाठी माणसाला आत उतरावे लागते. आपल्या समाजात हे काम पिढ्यान्पिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारले गेले. गटाराची आखणी चुकली तर त्याची किंमत अभियंता मोजत नाही, ती त्या गटारात उतरणारा माणूस मोजतो. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि २०१३ असे दोनदा कायदे झाले. तरीही गटारात गुदमरून कामगार दगावल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. म्हणूनच सुरळीत वाहणारा नळ ही केवळ सोयीची गोष्ट ठरत नाही.

हैदराबादचा महापूर

सुमारे चोवीस वर्षांच्या सेवेनंतर विश्वेश्वरय्या यांनी मुंबई सरकारच्या नोकरीतून निवृत्त होण्याचे ठरविले. अनेक ज्येष्ठांना मागे टाकून ते वर आले होते. मात्र मुख्य अभियंत्याचे पद त्या काळी भारतीयाला मिळणे जवळजवळ अशक्य होते. निवृत्तीपूर्वीच्या रजेत ते परदेश दौऱ्यावर असताना २८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादमध्ये मुसी नदीला प्रलयंकारी पूर आला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. निजाम सरकारने सल्ल्यासाठी विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले आणि १९०९मध्ये ते हैदराबादला पोहोचले.

पुराचे खापर अतिवृष्टीवर फोडून मोकळे होता आले असते. विश्वेश्वरय्या यांनी नदीचे संपूर्ण पाणलोट क्षेत्र तपासले. या क्षेत्रात सातशेहून अधिक तलाव होते आणि त्यांपैकी दोनशेहून अधिक त्या पावसात फुटले होते. एक बांध फुटला की त्याचे पाणी खालच्या बांधावर आदळे आणि तोही वाहून जाई. शहरात शिरलेला लोंढा हा अशा शेकडो फुटींचा एकत्रित परिणाम होता. शहराच्या वर दोन मोठे जलाशय बांधून पुराचे पाणी अडवावे, असा सल्ला त्यांनी दिला. १९२०मध्ये उस्मानसागर आणि १९२७मध्ये हिमायतसागर पूर्ण झाला. त्याच सल्ल्याचा दुसरा भाग म्हणून हैदराबाद शहरासाठी बंदिस्त सांडपाणी योजनाही त्यांनी आखली. वरून येणारे पाणी अडविल्याशिवाय आणि घरांतून निघणाऱ्या पाण्याला बंद वाट दिल्याशिवाय शहर सुरक्षित होत नाही, असा हा एकत्रित विचार होता.

दिवाणपद आणि नंतर

१९०९च्या अखेरीस विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ ते १९१८ या काळात दिवाण. कावेरीवरील कृष्णराजसागर धरण, म्हैसूर बँक, १९१६मध्ये स्थापन झालेले म्हैसूर विद्यापीठ आणि पाठोपाठ बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय या त्या काळातील ठळक खुणा. भद्रावतीचा लोखंड कारखानाही त्यांच्याच आग्रहातून उभा राहिला. मागासलेल्या समाजांना सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा देण्याच्या प्रश्नावर मात्र त्यांचे महाराजांशी पटले नाही. केवळ गुणवत्तेच्या निकषावर त्यांचा भर होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२मध्येच जो मार्ग स्वीकारला होता, तो विश्वेश्वरय्या यांना मान्य नव्हता. पाण्याची पातळी अचूक जोखणाऱ्या या अभियंत्याने समाजातील असमान पातळीचे माप तितक्याच बारकाईने घेतले नाही, ही टीका त्यांच्यावर आजही होते. या मतभेदानंतर ते दिवाणपदावरून दूर झाले.

मुंबईशी त्यांचा संबंध पुढेही राहिला. १९२१-२२मध्ये मुंबई इलाख्यातील तांत्रिक शिक्षणाविषयीच्या समितीचे ते अध्यक्ष होते. १९२६मध्ये बॅकबे भराव योजनेच्या चौकशी समितीवरही त्यांनी काम केले. १९५५मध्ये त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान मिळाला.

त्यांच्याविषयी अनेक आख्यायिका सांगितल्या जातात. रात्रीच्या प्रवासात गाडीच्या आवाजातील बदल त्यांच्या कानाने टिपला, त्यांनी साखळी ओढली आणि पुढे रूळ निखळलेला आढळला, ही त्यांतील सर्वांत लोकप्रिय कथा. लहानशा फरकावरून बिघाडाची जागा ओळखणारा माणूस, ही त्यांची जनमानसातील प्रतिमा या कथेत दिसते.

त्यांच्या आयुष्याच्या अखेरीस पुण्यावर जे संकट आले, त्याने हीच बाब दारुण रीतीने अधोरेखित केली. १२ जुलै १९६१ रोजी, काम पुरते संपण्याआधीच भरू दिलेले पानशेत धरण फुटले. पाणी बाहेर सोडण्याचा मार्ग मातीच्या बांधाच्या पोटातून जेथून जातो, तेथे बांध खचू लागला होता. सैनिकांनी हजारो पोती रचूनही तो सावरला नाही. त्या लोंढ्यापुढे खाली असलेले खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि पुणे पाण्याखाली गेले. ज्या खडकवासल्यावर विश्वेश्वरय्या यांनी उमेदीच्या काळात दरवाजे बसविले होते, ते धरण फुटले तेव्हा ते बंगळूर येथे हयात होते. त्यानंतर काही महिन्यांनी, एप्रिल १९६२मध्ये, वयाची शंभरी गाठलेल्या या अभियंत्याने जगाचा निरोप घेतला. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

सांध्यापासून सुरुवात

विश्वेश्वरय्या यांच्या कामाचा धडा कळव्यातील सिंकखालीही उपयोगी पडतो. जाणकार प्लंबर आधी कपाट रिकामे करतो. सगळे सांधे फडक्याने कोरडे पुसून खाली वर्तमानपत्राचा कागद अंथरतो. मग सिंक भरून घेतो. बूच लावलेले असतानाच थेंब आला, तर दोष सिंकच्या तळाशी असलेल्या वेस्ट कपलिंगच्या बैठकीत असतो. बूच काढल्यावर पाणी जोराने उतरताना थेंब आला, तर दोष ट्रॅपच्या नटांत किंवा पुढच्या पाइपात. कागदावरचा ओला ठिपका दाखवतो त्याच्या वर, ज्या सर्वांत उंच ठिकाणी पहिली ओल दिसते, ती खरी जागा. पाणी नळीवरून ओघळत खाली येते, त्यामुळे जेथे थेंब पडतो तेथे गळती असतेच असे नाही.

बहुतेक वेळा बिघाड रबरी वॉशरचा असतो. गरम पाणी आणि तेलकटपणा यांमुळे तो कडक होतो, चपटा होतो. खाली बादली ठेवून नट हाताने सैल करावा, ट्रॅपची वाटी काढून साचलेला गाळ धुवावा, त्याच मापाचा नवा वॉशर सरळ बसवावा आणि नट हातानेच आवळावा. पान्याने जोर लावला तर प्लास्टिकच्या आट्यांना तडा जातो आणि दुरुस्तीच गळतीचे नवे कारण ठरते. पुढचा लवचीक पाइप मध्येच झोळासारखा लोंबत असेल तर त्याला आधार देऊन उतार सलग करावा. त्या झोळात अन्नाचे कण आणि तेल साचते, पाणी मागे तुंबते आणि त्याचा भार पुन्हा सांध्यांवर येतो. पाइपाला फट असेल तर तो बदलावा. त्यावर लेप थापून उपयोग होत नाही.

शेवटी सिंक पुन्हा भरून एकदम सोडावे आणि खालचा कागद पाहावा. तो कोरडा राहिला, की कपाटातली बादली कायमची हलविता येते.